येणाऱ्याची वाट
(मादाम ब्लॅव्हट्स्की, थिऑसफी आणि सोपाऱ्याचा मैत्रेय)

गूढविद्येचा दावा करणारा एखादा माणूस नवा पंथ स्थापन करतो, भाकिते वर्तवतो, हजारो शहाणीसुरती माणसे त्याच्यामागे जातात, असा विषय निघाला की आपल्यापुढे दोनच वाटा असतात असे आपण धरून चालतो. एक तर हात जोडायचे, नाही तर नाक मुरडायचे. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला या दोन्ही वाटा सोयीच्या नाहीत. हात जोडले की प्रश्न संपतात आणि नाक मुरडले तरीही संपतात. म्हणून एका अशाच व्यक्तीची हकीकत, तिच्या गुणदोषांसह, येथे मांडण्याचे मी योजिले आहे. ही व्यक्ती परक्या देशातली असली तरी तिच्या कार्याचा एक महत्त्वाचा कालखंड मुंबईत गेला. शिवाय तिच्या पंथाने पुढे जे सर्वांत मोठे भाकीत केले, त्याचा एक धागा आपल्या सोपाऱ्याच्या मातीतही सापडतो.

हेलेना पेट्रोव्हना ब्लॅव्हट्स्की यांचा जन्म १२ ऑगस्ट १८३१ रोजी, त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील एकाटेरिनोस्लाव्ह येथे झाला. हे गाव म्हणजे आजच्या युक्रेनमधील द्नीप्रो शहर. आई कादंबरीकार होती, आजी वनस्पतिशास्त्राची जाणकार होती. आई लवकर वारली आणि मुलगी आजोळी वाढली. सतराव्या वर्षी, १८४९ मध्ये, तिचे लग्न निकिफोर ब्लॅव्हट्स्की या वयाने बऱ्याच मोठ्या सरकारी अधिकाऱ्याशी झाले. काही महिन्यांतच तिने घर सोडले. नवऱ्याचे आडनाव मात्र जन्मभर वापरले!

पुढची सुमारे वीस-पंचवीस वर्षे बाई जगभर फिरत होत्या. इजिप्त, युरोप, अमेरिका येथे आपण गेलो, तिबेटात राहून महात्म्यांकडून विद्या घेतली, असे त्या सांगत. यांतला तिबेटचा भाग त्यांच्या शब्दाखेरीज दुसऱ्या कशावर उभा नाही. ठाम इतिहास सुरू होतो तो १८७३ मध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्यापासून. अमेरिकेत तेव्हा मृतात्म्यांशी बोलण्याचे वेड जोरात होते. १८७४ मध्ये व्हरमाँट संस्थानातील एका शेतघरी असेच प्रयोग पाहायला गेल्या असता त्यांची गाठ कर्नल हेन्री स्टील ऑल्कट यांच्याशी पडली. ऑल्कट पेशाने वकील आणि यादवी युद्धात सैन्यातील लबाड्या शोधून काढण्याचे काम केलेले गृहस्थ. लबाडी हुडकण्यात मुरलेला हा माणूस बाईंचा आजन्म सहकारी बनला, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. १७ नोव्हेंबर १८७५ रोजी न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी रीतसर सुरू झाली. १८७७ मध्ये बाईंचा ‘आयसिस अनव्हेल्ड’ हा दोन खंडांचा ग्रंथ निघाला.

सोसायटीचे हेतू तीन. वंश, धर्म, लिंग, जात, वर्ण यांचा भेद न मानणारा विश्वबंधुत्वाचा गाभा निर्माण करणे. धर्म, तत्त्वज्ञान आणि विज्ञान यांच्या तौलनिक अभ्यासाला उत्तेजन देणे. आणि निसर्गातील अज्ञात नियम व माणसातील सुप्त शक्ती यांचा शोध घेणे. काशीनरेशांच्या घराण्याचे ‘सत्यान्नास्ति परो धर्मः’ हे ब्रीद सोसायटीने घेतले. आमचा हा धर्म नव्हे, असे बाई निक्षून सांगत. पण ज्या मंडळाला अदृश्य गुरू आहेत, त्यांची पत्रे आहेत, प्रमाण मानलेले ग्रंथ आहेत, सृष्टीच्या उत्पत्तीची कथा आहे आणि भविष्यकाळाचे वेळापत्रकही आहे, त्याला धर्म म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? ब्रीदात धर्मापेक्षा सत्य मोठे होते. व्यवहारात काय झाले ते पुढे पाहू.

१६ फेब्रुवारी १८७९ रोजी बाई आणि कर्नल मुंबईला उतरले. प्रथम बिऱ्हाड गिरगावात होते, तेही पाश्चात्त्य वस्तीत नव्हे तर देशी लोकांच्या मधोमध. साहेब लोक नेटिवांशी बरोबरीने बोलत नसत, त्या काळात एक गोरी बाई आणि एक गोरा कर्नल गिरगावात राहून ‘तुमचे उपनिषद आमच्या पाद्र्यांच्या शिकवणुकीहून थोर आहे’ असे सांगू लागले, तेव्हा सुशिक्षित हिंदी तरुणाला काय वाटले असेल याची कल्पना करावी. इंग्रज सरकारला मात्र वेगळेच वाटले. ही रशियन बाई हेर असावी या संशयाने पोलीस मागे लागले. ऑक्टोबर १८७९ मध्ये ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक मुंबईतून सुरू झाले. पुढे बिऱ्हाड ब्रीच कँडीच्या टेकडीवरील ‘क्रोज नेस्ट’ म्हणजे ‘कावळ्याचे घरटे’ नावाच्या बंगल्यात गेले आणि डिसेंबर १८८२ मध्ये सोसायटीचे ठाणे मद्रासजवळील अड्यार येथे हलले. मुंबईत येण्यापूर्वी आर्य समाजाशी झालेली युती १८८२ मध्येच मोडली. दयानंदांना वेदच प्रमाण हवे होते आणि या मंडळींनी १८८० मध्ये सिलोनला जाऊन बौद्ध पंचशीलही घेतले होते. ही जोडी फार दिवस टिकणारी नव्हती.

मुंबईच्या या चार वर्षांत दोन मराठी माणसे सोसायटीत आली. त्यांची नावे आपल्याकडे फारशी घेतली जात नाहीत. एक तुकाराम तात्या पडवळ. जातिभेदावर प्रहार करणारे ‘जातिभेद विवेकसार’ हे पुस्तक त्यांनी १८६१ मध्ये ‘एक हिंदू’ या नावाने लिहिले होते आणि त्याची दुसरी आवृत्ती १८६५ मध्ये जोतीराव फुले यांनी काढली होती. सोसायटीत आल्यावर तात्यांनी संस्कृत ग्रंथांच्या आणि तुकोबांच्या गाथेच्या प्रकाशनाचे मोठे काम केले. म्हणजे त्यांच्यापुरती थिऑसफी जात मोडण्याच्या आणि ग्रंथ सर्वांच्या हाती देण्याच्या खटपटीला जोडून आली होती.

दुसरे नाव दामोदर माळवणकर नव्हे, मावळंकर. (हा घोळ होतो म्हणून स्पष्ट लिहिले.) अहमदाबादेत १८५७ मध्ये एका सधन मराठी ब्राह्मण घरात जन्मलेला हा तरुण १८७९ मध्ये सोसायटीत आला. मासिकाची व्यवस्था त्याने अंगावर घेतली, दिवसरात्र राबला. आपण जात सोडली असे मासिकात उघड लिहिले. घराशी संबंध तोडले. फेब्रुवारी १८८५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो महात्म्यांच्या शोधात अड्यारहून निघाला, दार्जिलिंगहून सिक्कीममार्गे तिबेटच्या दिशेने गेला आणि पुन्हा कधीही परत आला नाही. बाईंच्या विद्येविषयी काहीही मत असो, दामोदरच्या प्रामाणिकपणाविषयी कुणी शंका घेतलेली माझ्या वाचनात नाही. अशा पंथांचा हिशेब मांडताना संस्थापकाच्या खात्याकडे सगळ्यांचेच लक्ष जाते. दामोदरचे खाते कोण मांडणार?

आता चमत्कारांकडे वळू. १८८० च्या ऑक्टोबरात सिमल्यात एका वनभोजनाला माणसे सात आणि कपबश्या सहाच अशी पंचाईत झाली. बाईंनी दाखविलेल्या जागी खणले तर त्याच नक्षीची सातवी कपबशी मिळाली! ‘पायोनियर’चे संपादक सिनेट यांनी ही हकीकत पुस्तकात लिहिली आणि बाई जगप्रसिद्ध झाल्या. कूट हूमी आणि मोरया या महात्म्यांची पत्रे सिनेट यांना येऊ लागली. कधी ती छतातून पडत, तर कधी उशीखाली सापडत. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम हेही काही काळ या पत्रव्यवहारात होते.

१८८४ मध्ये भांडे फुटले. सोसायटीच्या घरकामाची व्यवस्था पाहणाऱ्या एमा कुलोम नावाच्या बाईने, ब्लॅव्हट्स्कीबाईंनी आपल्याला लिहिलेली म्हणून काही पत्रे मद्रासच्या ‘ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन’कडे दिली. हे चमत्कार कसे घडवायचे याच्या सूचना त्यांत होत्या. लंडनच्या ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ने रिचर्ड हॉजसन यांना चौकशीला पाठविले. डिसेंबर १८८५ च्या अहवालाने बाईंना इतिहासातील अत्यंत हुशार फसव्यांत जमा केले. शंभर वर्षांनी, १८८६ नव्हे तर १९८६ मध्ये, त्याच संस्थेच्या नियतकालिकात हस्ताक्षरतज्ज्ञ व्हर्नन हॅरिसन यांनी हॉजसन यांची तपासपद्धती एकांगी होती असे दाखविले. हॉजसनची चौकशी सदोष होती, याचा अर्थ चमत्कार खरे होते असा मात्र होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत पुष्कळ जण करतात.

बाई मार्च १८८५ च्या अखेरीस भारत सोडून गेल्या त्या पुन्हा आल्या नाहीत. आजारी अवस्थेत त्यांनी ‘सीक्रेट डॉक्ट्रिन’ हा प्रचंड ग्रंथ लिहिला (१८८८), आणि ८ मे १८९१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. लंडनमधील विद्यार्थी गांधींना गीता वाचायला लावली ती दोघा थिऑसॉफिस्ट भावांनी, हे गांधीजींनी आत्मचरित्रात सांगितलेच आहे.

बाईंच्या भाकितांकडे येताना मी एक साधी कसोटी घेतो. भाकिताला तारीख आहे का? काय घडणार ते स्पष्ट आहे का? आणि काय झाले म्हणजे ते खोटे ठरले असे म्हणता येईल?

पहिले भाकीत ‘सीक्रेट डॉक्ट्रिन’मधले. कलियुगाची पहिली पाच हजार वर्षे १८९७-९८ च्या सुमारास संपतात, असा बाईंचा हिशेब होता. त्यापूर्वी निसर्गाचा पडदा फाटेल आणि जडवादी विज्ञानावर प्राणांतिक घाव बसेल, असे त्यांनी लिहिले. आता पाहा. १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले, १८९६ मध्ये बेकरेलला किरणोत्सर्ग सापडला, १८९७ मध्ये थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला. अनुयायांना हर्ष झाला यात नवल नाही. अणू अभेद्य आहे ही समजूत खरोखरच त्या तीन वर्षांत मोडली. पण विज्ञानावर घाव बसला का? मोडली ती विज्ञानाची एक जुनी कल्पना, आणि ती मोडली विज्ञानाच्याच हातांनी, प्रयोगशाळेत, मोजमाप करून. तारीख बरोबर, आशय मात्र मोघम, असा हा प्रकार. जे काही घडेल ते ‘पडदा फाटला’ या शब्दांत बसविता येते.

दुसरे भाकीत असे की, प्रत्येक शतकाच्या शेवटच्या चरणात महात्मे जगाला ज्ञान देण्याचा यत्न करतात आणि पुढचा दूत विसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात, म्हणजे १९७५ नंतर, येईल. हे त्यांनी ‘की टू थिऑसफी’च्या (१८८९) शेवटी सूचित केले. तो चरणही संपून पाव शतक होऊन गेले. दावेदार पुष्कळ झाले, सर्वांना मान्य असा कुणी झाला नाही.

पण बाईंच्या वारसदारांना एवढा धीर कुठला! १९०७ मध्ये ॲनी बेझंट सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. बेझंटबाई म्हणजे काशीचे सेंट्रल हिंदू कॉलेज काढणाऱ्या, १९१६ मध्ये टिळकांपाठोपाठ होमरूल लीग उभारणाऱ्या, १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या कर्तृत्ववान स्त्री. १९०९ मध्ये त्यांचे सहकारी लेडबीटर यांनी अड्यारच्या समुद्रकाठी एक चौदा वर्षांचा, किरकोळ प्रकृतीचा तेलुगू मुलगा पाहिला. हा मुलगाच जगद्गुरूचे, मैत्रेयाचे, वाहन होणार असे त्यांनी जाहीर केले. त्याचे नाव जिद्दू कृष्णमूर्ती. १९११ मध्ये त्याच्यासाठी ‘ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट’ हा संघ निघाला. वडिलांनी मुलांचा ताबा परत मिळावा म्हणून मद्रासला दावा लावला. तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९१४ मध्ये निकाल बेझंटबाईंच्या बाजूने लागला. जर्मनीतले रुडॉल्फ स्टायनर या भाकितावरूनच सोसायटीतून फुटले. आणि मुलगा? देश, भाषा, आईबाप, सगळे सुटून तो इंग्लंडात जगद्गुरू होण्याची तालीम घेत वाढला. त्याचा लाडका भाऊ नित्यानंद नोव्हेंबर १९२५ मध्ये क्षयाने गेला. महात्मे त्याला वाचवतील, असा भरवसा सर्वांनी दिला होता.

येथे सोपाऱ्याचा धागा येतो. एप्रिल १८८२ मध्ये, म्हणजे ब्लॅव्हट्स्कीबाईंचे बिऱ्हाड अजून मुंबईत असताना, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी आपल्या सोपाऱ्याचा ‘बुरुड राजाचा कोट’ खणला. आत विटांचा स्तूप निघाला आणि त्याच्या गाभ्यात दगडी करंडा. करंड्यात तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, मग दगडाची, स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची. आणि त्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले हे अवशेष. भोवती आठ लहान धातुमूर्ती बसविलेल्या होत्या. सात होऊन गेलेले बुद्ध आणि आठवा मैत्रेय, जो अजून यायचा आहे. या मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या. हा सारा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला.

मुंबईतल्या बंगल्यात महात्म्यांची पत्रे छतातून पडत असल्याच्या बातम्या गाजत होत्या, त्याच वर्षी विरारच्या गाडीने जाता येईल इतक्या अंतरावर मातीखालून मैत्रेय वर आला. हा योगायोगच, त्यात मी गूढ शोधीत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो फरक. सोपाऱ्याच्या कारागिराने मैत्रेय घडविला, सात बुद्धांच्या रांगेत बसविला आणि विटांनी बंद करून टाकला. त्याने तारीख दिली नाही, पत्ता दिला नाही, आणि गावातल्या कुठल्या पोराकडे बोट दाखवून ‘हाच तो’ असे म्हटले नाही. बौद्ध परंपरेत मैत्रेय फार फार दूरच्या काळात यायचा आहे. तोवर काम चालवायचे ते आपापल्या शीलाने.

आपल्या वसई तालुक्यात वाट पाहणे सगळ्यांनाच ठाऊक आहे. नाताळाआधीचे चार रविवार आमचे ख्रिस्ती मित्र आगमनकाळ पाळतात. कीर्तनात कल्की येतो. मुसलमान मित्रांकडून महदीविषयी ऐकले आहे. बुद्धपौर्णिमेला स्तूपावर माणसे येतात. या वाट पाहण्याने माणसाची कंबर ताठ राहते, हे मी नाकारीत नाही. धोका सुरू होतो तो कुणीतरी तारीख सांगतो तेव्हा.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाही. माझ्या एका मामांनी एका स्वामींच्या सांगण्यावरून, अमुक सालाच्या आत युग पालटणार, मग जमीनजुमल्याला अर्थ उरणार नाही, असे ऐकून केळीची वाडी विकली. आजोबांनी राखलेली, विहीर असलेली वाडी! ते साल आले नि गेले. मामांना मी विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “अरे, युग आतून पालटलं. तुम्हाला ते दिसायचं नाही.” मामांचा मला राग येत नाही. पण आजी अजूनही वाडीच्या बाजूने जाणारा रस्ता टाळते. १८९७ चे भाकीत आणि मामांचे युग यांची घडण एकच आहे. तारीख चुकली की अर्थ आत सरकतो, आणि किंमत मात्र बाहेरच मोजलेली असते. एप्रिल १९८२ मध्ये, सोपाऱ्याच्या उत्खननाला बरोबर शंभर वर्षे होत असताना, बेंजामिन क्रेम नावाच्या इंग्लंडमधील गृहस्थाने जगभरच्या वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन मैत्रेय अवतरल्याचे कळविले होते. तो जगापुढे आला नाही. तरी क्रेम २०१६ मध्ये मरेपर्यंत तो येतच आहे असे सांगत राहिले.

या सगळ्या इतिहासात एक माणूस भाकिताच्या विरुद्ध उभा राहिला, आणि तो असा की ज्याच्याविषयी ते भाकीत होते. ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधील ओमेन येथे, बेझंटबाई आणि सुमारे तीन हजार अनुयायी समोर बसले असता, चौतीस वर्षांच्या कृष्णमूर्तींनी संघ विसर्जित केला. सत्याकडे जाणारी आखीव वाट नाही, त्यामुळे कुठल्याही संघटनेला तुम्हाला तेथे पोचविता येणार नाही, आणि मला अनुयायी नकोत, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. संघाला मिळालेल्या मालमत्ता त्यांनी परत केल्या. पुढे १७ फेब्रुवारी १९८६ रोजी निधन होईपर्यंत ते जगभर बोलत राहिले. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात संध्याकाळी त्यांची व्याख्याने होत. श्रोते गुरू मिळेल म्हणून येत आणि हा वृद्ध गृहस्थ त्यांना तोच तो प्रश्न परत करी.

तेव्हा भाकीत खरे ठरले की खोटे? जगद्गुरू होण्यासाठी वाढविलेला मुलगा जगप्रसिद्ध शिक्षक झाला, म्हणजे ते खरे ठरले, असे काही जण आजही म्हणतात. मी माझ्या कसोटीवर त्याला खोटे म्हणेन, कारण भाकीत वाहनाचे होते आणि वाहनाने स्वाराला नकार दिला. पण याहून महत्त्वाचे असे की, त्या नकाराला लागणारे बळ त्याला थिऑसफीच्याच ब्रीदातून मिळाले असावे. सत्याहून श्रेष्ठ धर्म नाही, हे वाक्य बाईंनी भिंतीवर लावले आणि या मुलाने ते खरे मानले.

मित्रहो, आपल्या लोकलच्या डब्यांत चोवीस तासांत सर्व समस्या सोडविणाऱ्या बाबांची पत्रके आजही चिकटलेली असतात. २०१३ मध्ये, डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यानंतर, आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि तो हवाच होता. पण कायदा फसवणाऱ्याला पकडतो. फसायला तयार असलेल्या मनाचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते. ब्लॅव्हट्स्कीबाईंनी परतंत्र देशातील माणसाला स्वतःच्या ग्रंथांकडे ताठ मानेने पाहायला शिकविले, हे ऋण मान्य करावे. त्यांची पत्रे आणि कपबश्या तपासाव्यात. दामोदरला विसरू नये. आणि पुढच्या वेळी कुणी तारीख सांगू लागला, तर नम्रपणे विचारावे, “महाराज, त्या दिवशी हे घडले नाही, तर तुम्ही काय कराल?”

उत्तर काय येते ते पाहावे, आणि तोवर वाडी विकू नये.